नखांवरची भुतं

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात हजेरी घ्यायला लागले की हल्ली एक गंमत दिसते. ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणून हात वर होतो आणि बोटाच्या टोकावरून एक इवलंसं पांढरं भूत डोळे वटारून माझ्याकडे बघत असतं. शेजारच्या बोटावर नारिंगी भोपळा, त्याच्या पलीकडे कोळ्याचं जाळं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘हॅलोविन आहे ना मॅडम!’ हॅलोविन म्हणजे काय, असं पुढे विचारलं की मात्र सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि नखं रंगवली, एवढंच. त्यात वाईट काही नाही. पण जे दहा बोटांवर मिरवायचं ते मुळात काय आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

आणि हा विषय काही फक्त कॉलेजच्या मुलींचा राहिलेला नाही, बरं का! आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांतल्या लेकीसुना आज न्यू जर्सीला, डॅलसला, सॅन होजेला आहेत. तिकडे ३१ ऑक्टोबरला नातवंडं चेटकिणीचे झगे घालून हिंडतात आणि व्हिडिओ कॉलवर आजीला आपली नखं दाखवतात. इकडे आजीचा जीव खालीवर. ‘अगं, सणासुदीच्या दिवसांत नखं काळी कशाला रंगवलीस? काय हे अवलक्षण!’ नात हिरमुसते, सून मध्ये पडते, आणि एवढ्याशा नखांवरून दोन खंडांत अबोला धरला जातो.

आपल्यासारख्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांना एक जुनी गंमत माहीत आहे. मराठीत देव म्हणजे देव. कन्नडमध्ये देवाला ‘देवरु’ म्हणतात, पण ‘देव्व’ म्हणजे भूत! एका अर्ध्या ‘व’चा काय तो फरक. सासूबाई ‘देव्व बंतु’ म्हणाल्या आणि मराठी सून हात जोडून उभी राहिली, हा विनोद आपल्याकडे बहुतेक लग्नघरांत एकदा तरी होतोच. हॅलोविन या शब्दाचंही अगदी तसंच आहे. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे संत, पवित्र माणूस. ‘ईन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात सर्व संतांचा दिवस, म्हणून त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. नाव देवाचं, रात्र देव्वाची!

त्याच्याही मागे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा ‘साऊइन’ नावाचा सण होता. सुगी संपली, हिवाळा सुरू झाला, की त्या सांध्याच्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात अशी समजूत. मग शेकोट्या पेटवायच्या, सोंगं घ्यायची. आपल्याकडे पितृपक्षात पितरांना पान वाढून मानाने बोलावतात, तिकडे त्यांना जरा बिचकून राहतात, एवढाच फरक मला दिसतो. गोव्यात कॅथलिक कुटुंबं २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, तो सर्व मृतात्म्यांचा दिवसही याच साखळीतला. आयर्लंडमध्ये सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवायचे. १८४५ नंतर तिथे बटाट्याचा मोठा दुष्काळ पडला, लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली, आणि तिथे त्यांना कोरायला सलगमापेक्षा किती तरी सोपा असा मोठा नारिंगी भोपळा मिळाला. तोच हा आपल्या मुलींच्या नखावरचा भोपळा. दुष्काळात घर सोडून गेलेल्या माणसांची ती आठवण आहे, हे कळल्यावर मला तरी तो अवलक्षणी वाटेनासा झाला.

आता नखांकडे वळू या. हॅलोविनचे रंग मुख्य दोन, नारिंगी आणि काळा. नारिंगी सुगीचा, काळा लांबत जाणाऱ्या रात्रीचा. जोडीला जांभळा आणि पोपटी हिरवा आला तो चेटकिणींच्या गोष्टींतून. चित्रंही ठरलेली आहेत: भोपळा, भूत, वटवाघूळ, काळं मांजर, जाळं, आणि नखातून ओघळणारं रक्त. हे शेवटचं मला स्वतःला आवडत नाही. जेवायच्या ताटाशी तो हात बघवत नाही. पण हौसेला मोल नसतं.

सगळ्यात सोपं म्हणजे ममी. आधी नख काळं रंगवून पूर्ण वाळू द्यायचं, त्यावर पांढऱ्या रंगाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या बँडेजसारख्या ओढायच्या आणि मधल्या फटीत दोन ठिपके, डोळे झाले. रेघ वाकडी गेली तरी चालते. वाकडी गेली तर उलट जास्त शोभते! भुताला तर कुंचलाही नको. रिकाम्या झालेल्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक किंवा केसांच्या पिनेचं गोल टोक पांढऱ्या रंगात बुडवून एक मोठा ठिपका द्यायचा, तो खाली ओढून झालर करायची आणि टूथपिकने दोन काळे डोळे. बाजारात ठिपके द्यायची खास हत्यारं मिळतात, पण आमच्या मुली रिफिलवरच भागवतात आणि फरक कुणाला कळत नाही.

जाळ्याची मात्र एक युक्ती आहे. सरळ रेघा आखून त्यांना कमानींनी जोडत बसलं तर पहिल्याच वेळी जमेल असं नाही. त्यापेक्षा काळा रंग ओला असतानाच त्यावर पांढऱ्या रंगाची एकात एक अशी दोन-तीन वर्तुळं काढा आणि टूथपिकचं टोक मधून बाहेर, मधून बाहेर असं पाच-सहा वेळा हलकेच ओढा. रंग ओढला जाऊन आपोआप जाळं तयार होतं. रांगोळीत ओल्या रंगातून काडी फिरवून फुलं काढतात ना, तोच हात. एक ध्यानात ठेवायचं, एका वेळी एकच नख. पाचही नखं काळी करून मग वर्तुळं काढायला बसलात तर करंगळीपर्यंत पोचेतो अंगठा वाळलेला असेल.

अमेरिकेत ‘कँडी कॉर्न’ नावाची एक मिठाई या दिवसांत घराघरांत असते. मक्याच्या दाण्याच्या आकाराची, तीन रंगांची, १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात जन्मलेली. चवीला नुसती गोड. पण नखाला तिच्यासारखा नमुना नाही: बुडाशी पिवळा, मध्ये नारिंगी, टोकाला पांढरा, असे तीन आडवे पट्टे. भुताखेतांवरून घरात कुरबूर होत असेल तर हा तोडगा उत्तम. आजीला तो झेंडूचा रंग वाटेल आणि नातीला हॅलोविन. दोघी खूश.

रंग लावताना चार गोष्टी सांभाळल्या की पार्लरमध्ये जायची गरज पडत नाही. आधी पारदर्शक बेस कोट हवाच, कारण गडद नारिंगी, लाल किंवा काळा रंग थेट लावला तर तो काढल्यावर नखं हळद लागल्यासारखी पिवळी दिसतात. रंगाचा थर पातळ असावा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. बाटली खळाखळा हलवू नका, तळहातांमध्ये घेऊन फिरवा, नाहीतर बुडबुडे येतात. आणि चित्र पूर्ण वाळल्याशिवाय वरचा टॉप कोट फिरवलात तर भुताचा चेहरा पुसून धुकं होतं. माझं मत विचाराल तर चित्र एका हाताच्या एका किंवा दोन बोटांवरच असावं, बाकीची साधी एका रंगाची. दहाही बोटांवर भुतं नाचवली की कुठल्याच भुताकडे कुणी बघत नाही.

हॅलोविन झाला की तिकडे उरतात ते नुसते पानगळीचे रंग. मेपलची झाडं तांबडी-पिवळी होतात आणि नेलपॉलिशच्या कंपन्या दर वर्षी त्याच रंगांच्या बाटल्या नव्या नावांनी काढतात. १९९४ साली पॅरिसच्या शनेल कंपनीने ‘रूज न्वार’ म्हणजे ‘लाल-काळा’ या नावाचा एक रंग आणला. वाळत आलेल्या रक्तासारखा गडद. त्याआधी असा काळपट रंग सभ्य बायकांचा मानला जात नसे, त्यानंतर तो पानगळीच्या मोसमाचा राजाच झाला. तिकडची लांबलचक नावं ऐकून बुजून जाऊ नका. बर्गंडी म्हणजे आपल्या डाळिंबी आणि वांगी यांच्या मधली छटा, रस्ट म्हणजे विटकरी, ऑलिव्ह म्हणजे वाळलेल्या मेंदीचा हिरवा, मस्टर्ड म्हणजे मोहरी. इरकल साडीच्या काठापदरात हे सगळे रंग आपल्या आज्यांनी आधीच नेसलेले आहेत. आपल्या गव्हाळ, सावळ्या हातांना हे रंग फिक्या गुलाबीपेक्षा किती तरी चांगले दिसतात, हे मी खात्रीने सांगेन.

पानगळीत अमेरिकेत हवा कोरडी होते, घरात हीटर सुरू होतात आणि नखं पापुद्रे सुटून तुटायला लागतात. तिकडच्या लेकींनी रात्री झोपताना नखांच्या कडेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळावं आणि भांडी घासताना हातमोजे घालावेत. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापू नये, मागे ढकलूही नये जोर लावून. ती नखाच्या मुळात पाणी आणि जंतू जाऊ नयेत म्हणून निसर्गाने घातलेलं लांबण आहे. कानशीने घासताना एकाच दिशेने घासावं. आणि लांबी बेतात ठेवावी. भाकरी थापणाऱ्या हाताला, मग तुम्ही तिला भाकरी म्हणा की रोट्टी, लांब नखं परवडत नाहीत.

बायकांची नखं रंगवायची हौस फार जुनी आहे, मेंदीने तर ती हजारो वर्षं रंगत आली. पण आजची बाटलीतली नेलपॉलिश मोटारीच्या रंगाची धाकटी बहीण आहे. दोन्हींत नायट्रोसेल्युलोज असतं, आणि तेच द्रव्य बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतही असतं! १९३२ साली, ऐन महामंदीत, चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि चार्ल्स लाकमन नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी न्यूयॉर्कमध्ये रेव्हलॉन काढली. लाकमनचा ‘ल’ त्या नावात बसवलेला आहे. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि आपल्या आयांच्या आरशासमोर पहिली बाटली आली. चिकटवलेल्या लांब नखांची जन्मकथा तर आणखी गमतीची. १९५४ साली फ्रेडरिक स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख कामावर तुटलं, तर त्याने दातांसाठी वापरायचं ॲक्रिलिक घेऊन स्वतःच नवं नख बनवलं. दातांचं आणि नखांचं हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेतल्या नेल सलूनमध्ये गेलेल्या लेकी सांगतात की तिथे काम करणाऱ्या बहुतेक बायका व्हिएतनामी असतात. त्यामागे एक हकिकत आहे. १९७५ साली सायगाव पडलं आणि निर्वासितांचे लोंढे अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ ‘होप व्हिलेज’ नावाची छावणी होती. तिथे टिपी हेड्रेन ही अभिनेत्री मदतीला जात असे. हिचकॉकच्या १९६३ सालच्या ‘द बर्ड्‌स’ या भीतीपटाची ती नायिका. या बायकांना काहीतरी कसब शिकवावं म्हणून शिवण, टायपिंग असं काय काय ती धुंडाळत होती, आणि त्या बायका मात्र टक लावून बघत होत्या तिच्या नखांकडे! तिने आपली नखं करणारी बाई आठवड्याला छावणीत आणली, वीस बायकांना शिकवलं, परवाने मिळवून दिले. त्या वीसजणींनी बहिणींना, जावांना, गाववाल्यांना शिकवलं. आज अमेरिकेत नखांचं काम करणाऱ्यांत जवळपास निम्मे लोक व्हिएतनामी वंशाचे आहेत, कॅलिफोर्नियात तर बहुसंख्य. भाषा येत नसली तरी चालेल असं, थोड्या महिन्यांत शिकता येणारं काम. परक्या मुलखात हाताला काम मिळणं म्हणजे काय, हे पोटासाठी घर सोडलेल्या माणसांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण त्या चकचकीत नखांच्या पलीकडच्या बाजूला जी बाई मान वाकवून बसलेली असते, तिच्या नाकातोंडात दिवसभर काय जातं? जुन्या नेलपॉलिशमध्ये टोल्युईन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट अशी तीन द्रव्यं असत. त्यांच्या विरुद्ध तिकडे मोठी ओरड झाली, बऱ्याच कंपन्यांनी ती काढली. २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्सने तिथल्या सलूनमधल्या बायकांची तुटपुंजी मजुरी आणि दुखणी यावर लेखमाला छापली, आणि मग न्यूयॉर्क राज्याने हातमोजे, मास्क आणि हवा खेळती ठेवण्याचे नियम केले. तेव्हा लेकींनो, तिकडे हॅलोविनची नखं करायला जाल तेव्हा स्वस्तात स्वस्त सलून शोधू नका. दार उघडताच वासाने डोळे चुरचुरले तर तिथूनच परत फिरा.

हा प्रश्न आता आपल्या दारातही आला आहे. आपल्या गावांतही जेल नखांची पार्लर्स झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, बी. कॉम. झालेली, वर्षभर असंच काम घरी करते. कोर्स केला, कर्ज काढून दिवा आणि बाटल्या घेतल्या, लग्नसराईत आणि ऑक्टोबरात तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. धाकट्या भावाची फी तिच्या कमाईतून जाते. गेल्या वर्षी तिच्या बोटांची टोकं लाल होऊन भेगा पडायला लागल्या. भांड्यांचा साबण बाधला असेल म्हणून आईने साबण बदलला, मग लिंबू-हळद झाली, मग मलमं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही ॲक्रिलेटची ॲलर्जी आहे.

साधी नेलपॉलिश हवेत वाळते. जेल वाळत नाही, ते अतिनील किरणांच्या दिव्याखाली घट्ट होतं, आणि घट्ट होण्याआधी त्यातली ॲक्रिलेट द्रव्यं कातडीला लागली तर काही जणींना त्याची ॲलर्जी जडते. एकदा जडली की सहसा ती जन्मभर राहते. अमेरिकेतल्या संपर्कज त्वचादाहावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ साली ॲक्रिलेटला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं होतं. २०१८ मध्ये ब्रिटिश त्वचातज्ज्ञांनी घरच्या घरी जेल लावणाऱ्या मुलींना जाहीर इशारा दिला. आणि आता ते दातांचं नातं आठवा. याच जातीची द्रव्यं दातांच्या भरणात आणि सांधा बदलताना हाडांच्या सिमेंटमध्ये वापरतात. म्हणजे विशीतल्या हौसेची आठवण साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टरांना सांगावी लागते. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधलं टीपीओ नावाचं आणखी एक द्रव्य सौंदर्यप्रसाधनांतून बंद केलं, तेव्हा बाटली घेताना ती नावं वाचायची सवय ठेवा. तिकडे बंद झालेला माल इकडे स्वस्तात येतो, हे काही नवीन नाही.

दिव्याबद्दलही मुली विचारतात. २०२३ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काचेच्या बशीतल्या पेशींवर हा दिवा वीस मिनिटं धरला तर २० ते ३० टक्के पेशी मेल्याचं दिसलं. बशीतल्या पेशी आणि जिवंत हातावरची कातडी यात फरक आहे, त्यामुळे लगेच घाबरून जायचं कारण नाही. पण दिव्याखाली हात घालण्याआधी सनस्क्रीन लावावं किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालावेत, असं अमेरिकन त्वचातज्ज्ञ सांगतात. एवढं तर करता येईल?

त्या मुलीने मला विचारलं, ‘मॅडम, काम सोडू का?’ सोड असं म्हणणं सोपं होतं, पण भावाची फी मी भरणार नव्हते. डॉक्टरांनी जेलला हात लावायची साफ मनाई केली होती. साध्या रबराचे हातमोजे याला आडकाठी करत नाहीत, नायट्राइलचेही थोडाच वेळ टिकतात. तिने स्वतःच वाट काढली. जेल बंद केलं आणि साध्या पॉलिशची चित्रकला व तयार चिकटवायची नखं रंगवून विकायला सुरुवात केली. कमाई थोडी घटली, बोटं बरी झाली. हॅलोविनची भुतं ती आता प्लॅस्टिकच्या नखांवर काढते. मला तर हा एका रात्रीच्या सणाला सर्वांत योग्य मार्ग वाटतो: संध्याकाळी लावा, रात्री काढा. फक्त ती चिकटवताना चिकटपट्टीची वापरा. गोंदाच्या बाटलीतलं सायनोॲक्रिलेट सुती कपड्यावर सांडलं तर ते एकदम तापतं आणि चटका बसू शकतो. लहान मुलांच्या हाती ती बाटली नकोच.

आता एक गोष्ट मुलींच्या आयांसाठी. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. मतदानाची शाई आठवून बघा. १९६२ च्या निवडणुकीपासून आपल्याच म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ती शाई नखावर बसली की पुसत नाही, नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जाते. तसंच नखाचं दुखणंही हळूहळू पुढे सरकतं आणि बघणाऱ्याला दिसतं. जुने वैद्य हात हातात घेऊन आधी नखं बघायचे. रक्त कमी असेल तर ती फिकट दिसतात, लोह फारच कमी झालं तर चमच्यासारखी खोलगट होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला, आपल्या कर्नाटकात जवळजवळ निम्म्या बायकांत. म्हणजे माझ्या वर्गात हात वर करणाऱ्या मुलींपैकी कितीजणींच्या भोपळ्याखालचं नख पांढरंफटक आहे, हे त्या भोपळ्यामुळे कुणालाच दिसत नाही. बारा महिने रंग असेल तर नखाखाली उमटलेली काळी रेघही झाकून जाते, आणि तशी रेघ क्वचित का होईना कर्करोगाची असू शकते. म्हणून महिन्यातले आठ-दहा दिवस नखं मोकळी ठेवायची आणि उजेडात नीट बघायची. शस्त्रक्रियेला जाताना रंग काढायला लावतात तेही याचसाठी. रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा नखावरच बसतो.

राहिला आजी आणि नातीचा अबोला. २०२४ साली मोठी गंमत झाली. ३१ ऑक्टोबरला आपल्याकडे नरकचतुर्दशी होती आणि तिकडे हॅलोविन. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना त्याच वर्षी पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली, १ नोव्हेंबरला. तिकडच्या कितीतरी मुलींनी त्या दिवशी एका हातावर भोपळे आणि दुसऱ्यावर पणत्या काढल्या. गोव्यात याच पहाटे राक्षसी मुखवट्याचे, दात विचकणारे नरकासुर रात्रभर मिरवून जाळतात, त्या नरकासुरापुढे नखावरचं भूत किती बापडं! कारीट फोडताना आपणही राक्षसच मारतो की. नातीला ही गोष्ट सांगा आणि तिच्या एका नखावर नरकासुर काढून मागा. बघा कशी कळी खुलते.

मात्र सण जवळ आले असताना एक पथ्य कडक पाळा. नेलपॉलिश आणि ती काढायचं ॲसिटोन दोन्ही पेट्रोलसारखी भडकतात. पणत्या, फुलबाज्या, गॅसची शेगडी किंवा देवघरातली समई यांच्या जवळ बसून नखं रंगवू नका, काढूही नका. नुकता पुसलेला हात घेऊन फराळ तळायला उभ्या राहू नका. आधी साबणाने हात धुवा.

दोन तारखेला भुतं उतरवायची असतील तर कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर दहा-पंधरा सेकंद नुसता दाबून धरा आणि मग टोकाकडे एकदाच ओढा. घासत बसू नका, चकचकीचे कण असतील तर थोडं जास्त वेळ धरा. जेल मात्र कधीही सोलून काढू नका, त्याच्याबरोबर नखाचा वरचा थर निघून येतो आणि तो भरून यायला काही महिने जातात. ‘उगुरिनल्लि होगोदक्के कोडली याके’, नखाने होतं तिथे कुऱ्हाड कशाला, अशी म्हण आपल्या दोन्ही भाषांत आहे. इथे तर नखावरच कुऱ्हाड! ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉईल गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी जेल आपोआप सैल होतं. मग लाकडी काडीने हलकेच सरकवा, हात धुवा, आणि तेल चोळून आठवडाभर नखांना काहीही लावू नका.